कपाटातलं जुनं वेब्ली: हात लावण्याआधीपासून पहिल्या गोळीपर्यंत

घरात जुनं रिव्हॉल्व्हर निघतं ते बहुतेक वेळा वाटणीच्या किंवा आवराआवरीच्या दिवसांत. आजोबा पोलिसांत किंवा फौजेत होते, नाहीतर इनामदार होते. त्यांच्या लोखंडी कपाटात चामडी म्यानात काहीतरी जड असतं आणि शेजारी पत्र्याच्या डबीत काळवंडलेली आठ-दहा काडतुसं. लॅच (वरची पकड) दाबलं की ते बिजागरीवर मधून उघडतं, नळी खाली झुकते आणि सिलिंडरच्या मागून चांदणीच्या आकाराचा एक तुकडा वर येतो. यालाच ब्रेक-टॉप म्हणतात. आपल्याकडे निघतात ती बहुधा ब्रिटिश बनावटीची वेब्ली, क्वचित एनफिल्ड, आणि त्याच घडणीचं कानपूरच्या सरकारी कारखान्याचं बत्तीस बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप).

हा लेख अशांसाठी आहे, ज्यांच्या हाती असं हत्यार पहिल्यांदाच आलंय. माझं एकच म्हणणं आहे: 'बत्तीस' किंवा 'अडतीस' हा आकडा ऐकून काडतूस भरायचं नाही. हत्यारावर काय कोरलंय, चेंबर (सिलिंडरमधलं काडतुसाचं घर) आतून कसा आहे आणि काडतुसाच्या बुडाशी काय छापलंय, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच पुढे जायचं.

पहिलं काम: हात आवरा

कधी हत्यार हाताळलं नसेल तर ते आहे तिथेच ठेवा, खोलीला कुलूप लावा आणि परवान्याची कागदपत्रं शोधा. भरलेलं आहे की रिकामं हे बाहेरून ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. सिलिंडरच्या मागच्या फटीतून काडतुसाची कड दिसते खरी, पण ती पाहायला लोक नळी स्वतःकडे फिरवतात, आणि तिथेच घोळ होतो.

हाताळायची सवय असेल तर क्रम असा. नळी सुरक्षित दिशेला, म्हणजे जिथे भिंतीपलीकडे कोणी नाही अशा बाजूला. बोट चापाच्या कडीबाहेर. घोडा मागे ओढायचा नाही. वेब्ली आणि एनफिल्डवर घोड्याच्या डाव्या अंगाला अंगठ्याचा खटका असतो, तो दाबला की वरची घोड्याच्या नालासारखी पकड मागे सरकते. अमेरिकन बनावटीच्या छोट्या रिव्हॉल्व्हरांवर असा खटका नसतो. तिथे घोड्यापुढच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी खरबरीत कान असतात, ते चिमटीत धरून वर उचलायचे. उघडत नसेल तर जोर लावू नका. गंजलेल्या बिजागरीवर हातोडी मारून कायमचं वाया घालवलेलं वेब्ली मी पाहिलंय.

उघडताना खाली जाड कापड अंथरा. नळी झुकत जाते तशी चांदणी वर येते आणि सगळी काडतुसं एकदम उचलली जातात, भरलेली असोत की झाडलेली. नळी पूर्ण झुकली की चांदणी टक्कन परत आत बसते. या क्षणी एखादं काडतूस खाली न पडता चांदणीच्या खाली सरकून बसू शकतं. ही ब्रेक-टॉपची जुनी खोड आहे. म्हणून मोजायचं: सहा घरं, सहा मोकळे गोल, प्रत्येकातून पलीकडचा उजेड. छोट्या अमेरिकन नगांना घरं बहुधा पाचच असतात.

बंद करताना सिनेमात मनगटाला झटका देऊन खटकन मिटतात, तसं कधीही करू नका. बिजागरीची पिन आणि लॅच हेच या हत्याराचे दुबळे भाग, आणि झटक्याचा मार नेमका तिथेच बसतो. एका हाताने मूठ, दुसऱ्याने नळी धरून सावकाश मिटवा, लॅच पूर्ण पुढे बसलंय हे डोळ्यांनी पाहा.

परवाना: जुनं म्हणजे मोकळं नव्हे

'शंभर वर्षांपूर्वीचं आहे, अँटीक आहे, याला कसला परवाना?' हे वाक्य दर दुसऱ्या माणसाच्या तोंडी असतं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुनाट किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्यारांना सूट आहे, पण ती फक्त दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाहीत अशांना. तुमच्या वेब्लीची एक स्प्रिंग बदलली की ते चालणार असेल, तर ते हत्यारच आहे.

मूळ परवानाधारक वारला की परवाना आपोआप वारसाकडे जात नाही. हत्यार कलम २१ नुसार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं, लेखी पोच घ्यायची आणि मग वारस म्हणून अर्ज करायचा. शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसाच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. मूळ धारक हयात असतानाही, त्याचं वय सत्तर झालं असेल किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असेल, तर तो वारसाच्या नावे ते करू शकतो. आई-वडील हयात आहेत तोवर हे उरकून घ्या. नंतर सगळ्या भावंडांच्या ना-हरकत सह्या गोळा करताना जीव मेटाकुटीला येतो.

२०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रं अशी मर्यादा आली आणि वारशाने आलेलं हत्यारही त्यात धरलं जातं. आधीच एक बारा बोअर आणि एक पिस्तूल असेल तर आजोबांच्या रिव्हॉल्व्हरसाठी त्यातलं एक सोडावं लागेल. परवान्याची मुदत याच दुरुस्तीने तीनवरून पाच वर्षं झाली.

आता खरी गोम. बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरचा परवाना जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात. पण .३८० किंवा .४५५ ची कडेची (बुडाला बाहेर आलेली कड असलेली) काडतुसं ज्यात बसतात आणि झाडता येतात, अशी सगळी रिव्हॉल्व्हरं प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात, आणि त्यांचा अधिकार केंद्रीय गृहमंत्रालयाकडे आहे. नियमातली भाषा नीट पाहिली तर तिथे हत्याराचं नाव नाही, काडतूस बसतं का हे आहे. त्यामुळे 'पण हे वेब्ली खासगी विक्रीचं आहे, फौजेचं नाही' या युक्तिवादाला अर्थ नाही. जुन्या परवान्यावर नुसतं 'रिव्हॉल्व्हर, वेब्ली' एवढंच लिहिलेलं असेल तर नूतनीकरणाआधी बोअरची नोंद शहानिशा करून घ्या. चुकीची नोंद तशीच पुढे चालवली तर निस्तरणं तुमच्याच गळ्यात येतं.

हेच बंधन कानपूरच्या बत्तीस बोअरचं मूळ आहे. नागरिकाला .३८ मिळत नाही, म्हणून सरकारी कारखान्याने वेब्लीच्या .३८ मार्क ४ चा (मार्क म्हणजे आवृत्ती) साचा घेतला आणि .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग काडतुसासाठी बनवला. २०१४ साली गाजावाजा करून आलेलं 'निर्भीक' हे सुमारे अर्धा किलोचं रिव्हॉल्व्हरही त्याच घराण्यातलं, बिजागरीवरच उघडणारं. सिलिंडर बाजूला उघडणारं 'प्रबल' कानपूरहून आलं ते थेट २०२३ मध्ये. इतर देशांत ब्रेक-टॉप ही संग्राहकांची वस्तू झाली असली, तरी आपल्याकडे ती अजून दुकानात नवी मिळते. आणि म्हणूनच काडतुसांचा गोंधळही आपल्याकडे जिवंत आहे.

ओळख: नळीवर आणि चौकटीवर काय कोरलंय

चांगला उजेड, भिंग आणि कोरं फडकं घ्या. ब्रासो, पॉलिश पेपर लांब ठेवा. घासलं की ठसे जातात, आणि ठसे गेले की ओळखही जाते, किंमतही.

वेब्लीच्या फौजी .४५५ मालिकेत सहा मार्क आहेत. मार्क १ ब्रिटिश फौजेने १८८७ मध्ये घेतलं. मार्क ४ १८९९ चं, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या काळातलं. मार्क ५ १९१३ चं, त्यात सिलिंडर जाड केला, कारण काळ्या दारूची जागा कॉर्डाइटने, म्हणजे बिनधुराच्या दारूने, घेतली होती. मार्क ६ १९१५ चं, सहा इंची नळी आणि आधीच्या पोपटाच्या चोचीसारख्या मुठीऐवजी चौकोनी मूठ. मार्कचा आकडा वरच्या पट्टीवर डाव्या बाजूला असतो. पहिल्या महायुद्धात गेलेल्या फौजींच्या घरी निघतं ते बहुतेक मार्क ६च. किलोभराहून जड, हातात घेतलं की लगेच कळतं.

पहिल्या महायुद्धानंतर फौजेला हलकं हत्यार हवं झालं. त्यातून एनफिल्ड नंबर २ आलं, .३८ चं. घोड्याखाली उजव्या बाजूला 'एनफिल्ड', मॉडेल आणि साल असतं. मार्क १ नंतर तारांकित १* आलं, १९३८ मध्ये. त्याच्या घोड्याचा कान छाटलेला असतो, म्हणजे अंगठ्याने घोडा ओढून नेम धरता येत नाही, प्रत्येक वेळी चापच पूर्ण ओढायचा. वेब्ली .३८ मार्क ४ दिसायला याचाच सख्खा भाऊ, पण दोघांचे बहुतेक भाग एकमेकांना लागत नाहीत. सुटा भाग मागवताना ही चूक सर्रास होते. दुसऱ्या महायुद्धातल्या वेब्लींवर 'वॉर फिनिश' असा ठसा सापडतो. पृष्ठभाग खडबडीत दिसला म्हणून घाबरू नका, घाईत पॉलिश न करता पाठवलेला माल आहे तो.

ब्रिटनमध्ये नंतर बाजारात विकलेल्या .३८ नगांवर प्रूफ हाउसचा, म्हणजे हत्यारं तपासणाऱ्या संस्थेचा, ठसा असतो: '.३८', मग '.७६७' आणि मग '३½ टन'. मधला आकडा काडतुसाच्या पुंगळीची (दारू भरलेल्या धातूच्या नळकांडीची) लांबी, इंचात. शेवटचा दाबाचा, दर चौरस इंचाला. टनांचा हा आकडा त्या काळच्या ब्रिटिश मोजणीचा आहे, आजच्या पीएसआयशी (दर चौरस इंचाला पौंड) गुणाकार करून ताडून पाहू नका. पण पुंगळीची लांबी मात्र सोन्यासारखी माहिती आहे, ती पुढे उपयोगी पडेल.

एक सावधगिरी. खैबरच्या बाजूला दर्रा भागात हाताने घडवलेली वेब्लीची नक्कल पूर्वी बरीच फिरली. तिची अक्षरं वेडीवाकडी असतात, एखाद्या शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं असतं, इंग्रजी एन उलटा कोरलेला असतो. अशा हत्याराचं पोलाद कसलं आहे याची खात्री कोणी देणार नाही. ते कायदेशीर मार्गाने जमा करायचं, झाडून पाहायचं नाही.

काडतूस: इथे घाई म्हणजे अपघात

व्हर्नियर कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं साधन) नसेल तर घ्या. काडतुसाच्या दुकानातली सगळ्यात स्वस्त सुरक्षा तीच आहे.

बत्तीसपासून सुरुवात करू, कारण परवानाधारकांत तेच जास्त. रिव्हॉल्व्हरचं काडतूस .३२ एस अँड डब्ल्यू लाँग. त्याच्या पुंगळीची लांबी सुमारे २३.४ मिलिमीटर, बुडाला ठळक बाहेर आलेली कड. पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याच्या काडतुसांवर बुडाशी 'के एफ' असतं. हा कारखाना १८६९ पासूनचा, आता म्युनिशन्स इंडियाखाली येतो.

पिस्तुलाचंही काडतूस 'बत्तीस'च म्हणवतं, पण ते .३२ एसीपी, म्हणजे ७.६५ मिलिमीटर ब्राउनिंग. पुंगळीचा व्यास जवळजवळ तोच, म्हणून ते रिव्हॉल्व्हरच्या घरात अलगद उतरतं. लांबी कमी, कड नुसती नावाला. दाबाची कमाल मात्र एसीपीला सुमारे २०,५०० पीएसआय आणि लाँगला १५,०००. दुकानात दोन्ही डबे एकाच फळीवर, आणि गिऱ्हाईक म्हणतं, 'बत्तीसचे पंचवीस द्या.' विक्रेता परवाना पाहतो, पण परवान्यावर रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल दोन्ही असतील तर त्यालाही कळायला मार्ग नाही. एखादं झाडून काही झालं नाही म्हणून ते चालतं असं समजू नका. बिजागरी दर वेळी थोडी ताणली जाते, आणि एक दिवस नळी हलायला लागते. डबा हातात घेतल्यावर 'एस अँड डब्ल्यू लाँग' हे पूर्ण शब्द वाचा आणि कड बोटाने चाचपा.

याचाच धाकटा प्रकार .३२ एस अँड डब्ल्यू, लाँग नसलेला. पुंगळी सुमारे १५.५ मिलिमीटर. छोटं काडतूस लाँगच्या घरात चालतं, उलटं नाही. आणि '.३२ कोल्ट न्यू पोलीस' लिहिलेलं दिसलं तर बिचकू नका, ते लाँगच आहे, फक्त गोळीचं टोक चपटं. कोल्टला आपल्या हत्यारावर स्मिथ अँड वेसनचं नाव कोरायचं नव्हतं, एवढंच कारण.

अडतीसमध्ये हीच नावांची गंमत अंगाशी येऊ शकते. वेब्ली-एनफिल्डचं काडतूस .३८ एस अँड डब्ल्यू. ब्रिटिश फौजेत त्यालाच .३८/२०० म्हणत, कारण गोळी २०० ग्रेनची, म्हणजे सुमारे १३ ग्रॅमची, नुसत्या शिशाची. नंतर १७८ ग्रेनची धातूचं वेष्टण असलेली गोळी आली आणि तिला .३८० मार्क २ म्हणू लागले. पुंगळी एकच, १९.७ मिलिमीटर.

आता .३८ स्पेशल. पुंगळी २९.३ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर लांब, आणि थोडी बारीक. नीट वेब्लीत ते पूर्ण बसतच नाही, मध्येच अडतं. पण परदेशात, विशेषतः अमेरिकेत, युद्धानंतर विकलेल्या अनेक नगांचे चेंबर कोणीतरी आतून खोदून लांब केले, .३८ स्पेशल सहज मिळतं म्हणून. असं हत्यार ओळखायचं कसं? सिलिंडर उघडून प्रत्येक घरात मागून टॉर्च मारा. मूळ घरात पुढे एक पायरी दिसते, जिथे पुंगळी संपते आणि गोळीपुरता व्यास उरतो. ती पायरी साधारण वीस मिलिमीटरवर असली तर ठीक. तीसच्या आसपास असली किंवा पायरीच नसली तर ते हत्यार भिंतीवर टांगायच्या लायकीचं. .३८ स्पेशलच्या दाबाची कमाल १७,००० पीएसआय, .३८ एस अँड डब्ल्यूची १४,५००. आकड्यांत फार अंतर दिसत नाही, पण खोदलेल्या घरात .३५७ मॅग्नमही उतरू शकतं, आणि त्याची कमाल ३५,००० आहे. आणि '.३८० ऑटो' हे तिसरंच: पिस्तुलाचं, बिनकडेचं, याचा इथे संबंध नाही.

चारशे पंचावन्नबद्दल थोडक्यात. काडतूस मोठं, सावकाश: २६५ ग्रेनची गोळी, सेकंदाला सुमारे सहाशे फूट. मार्क १ ची पुंगळी लांब होती, १८९७ च्या मार्क २ पासून आखूड झाली. मार्क ३ ची गोळी पुढून पोकळ, 'मॅनस्टॉपर' नावाची, ती हेगच्या १८९९ च्या करारानंतर युद्धासाठी मागे घेतली गेली. अमेरिकेत गेलेल्या मार्क ६ रिव्हॉल्व्हरांचा सिलिंडर मागून किसून ती .४५ एसीपीसाठी बनवली, अर्धचंद्र पट्टीत तीन-तीन काडतुसं अडकवून. .४५५ चा दाब सुमारे १३,००० पीएसआय, .४५ एसीपीची कमाल २१,०००. तिकडे असं किसलेलं वेब्ली कोणी विकत देऊ केलं तर 'बाजारात मिळणारं काडतूस चालतं' या बोलण्याला भुलू नका. ते बसतं, पण हत्यार त्यासाठी घडवलेलं नाही.

न्यू जर्सी-टेक्सासकडे राहणाऱ्यांना इस्टेट सेलमध्ये छोटी आयव्हर जॉन्सन किंवा हॅरिंग्टन अँड रिचर्डसन शंभर-दोनशे डॉलरला दिसतात. आयव्हर जॉन्सनची सेफ्टी ऑटोमॅटिक १८९४ ची, पण साधारण १९०९ पूर्वीचे नग काळ्या दारूसाठी घडवलेले आहेत. आतल्या पट्टीच्या स्प्रिंगा जाऊन वळीव स्प्रिंगा आल्या ती नंतरची आवृत्ती. जुन्या नगात आजचं काडतूस नको, ते फक्त पाहायला ठेवा. तिथे १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार संघीय कायद्यात अँटीक धरतात, पण राज्याचा कायदा वेगळा असतो आणि न्यू जर्सी याबाबत कडक आहे.

राहिली डबीतली ती काळवंडलेली काडतुसं. त्यांचा वापर शून्य. जुन्या ब्रिटिश फौजी काडतुसांच्या टोपीत (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या भागात) क्षार उरवणारं मिश्रण असे, झाडल्यावर नळी एका रात्रीत गंजते. त्याहून वाईट म्हणजे दारू अर्धवट पेटली तर गोळी नळीत अडकते. ती काडतुसं परवान्याच्या नोंदीप्रमाणे मोजून विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करा. कचऱ्यात टाकू नका, विहिरीत तर नाहीच.

झाडण्याआधी तपासणी

परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे नेण्याआधी या गोष्टी स्वतः पाहिल्या तर त्याच्याशी बोलणं सोपं जातं.

हत्यार मिटवून, रिकामं, एका हाताने मूठ आणि दुसऱ्याने नळी धरा. नळी वर-खाली, डावी-उजवी हलवून पाहा. केसभर खुळखुळ जुन्या नगात असते. डोळ्यांना दिसेल एवढी फट पडत असेल तर बिजागरी किंवा लॅच झिजलंय. लॅच झिजलेलं ब्रेक-टॉप झाडताना उघडू शकतं. हा एकच दोष असला तरी त्या हत्यारातून गोळी झाडायची नाही.

मग वेळ जुळणी. घोडा सावकाश मागे ओढा, शेवटपर्यंत. सिलिंडर टक आवाज करून कुलूपबंद व्हायला हवा, हाताने ढकलावा लागला तर बिघाड. प्रत्येक घर असं तपासा, सहाच्या सहा. घर आणि नळी समोरासमोर येत नसतील तर गोळी नळीच्या काठाला घासते आणि शिशाचे तुकडे बाजूला उडतात, शेजारी उभ्या माणसाच्या तोंडावर.

नळी उजेडासमोर धरून आतून पाहा. काळी आडवी कडी दिसली, जणू नळीच्या पोटात अंगठी बसवलीय, तर तिथे कधीतरी अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडली गेलीय. बाहेरून बोट फिरवलं तर तिथे फुगीर लागतं.

रिकामं ठेवून चाप ओढत राहू नका. वेब्लीची टोची (टोपीवर आपटणारं टोक) घोड्यालाच बसवलेली असते, हवेत ठोकून ठोकून ती तुटते आणि सुटा भाग मिळेपर्यंत महिने जातात. सराव करायचाच असेल तर नकली काडतूस, स्नॅप कॅप, वापरा.

रेंजवरचा पहिला दिवस

परवानगी असलेली रेंज, शेजारी अनुभवी माणूस, डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. शेतात किंवा फार्महाउसवर 'एक बार काढून बघू' हा गुन्हा आहे, आणि वाढदिवसाला हवेत बार काढणाऱ्यांना २०१९ नंतर कैदेचीही तरतूद आहे.

पहिल्यांदा एकच काडतूस भरा. झाडा, उघडा, पुंगळी हातात घेऊन पाहा. बुडाशी टोपीवर टोचीचा खड्डा मधोमध हवा. पुंगळी चिरलेली, फुगलेली, किंवा टोपी मागे सरकलेली असेल तर तिथेच थांबा. सगळं ठीक असेल तर दोन भरा, मग पाच. जुन्या हत्यारात सहावं घर घोड्याखाली रिकामं ठेवणं उत्तम, कारण घोड्यावर आपटलं तर गोळी सुटू नये अशी सोय सगळ्यांत नसते.

चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून किमान तीस सेकंद थांबा. उशिरा पेटलेलं काडतूस उघड्या सिलिंडरात फुटलेलं कोणाला परवडत नाही. आणि आवाज फुसका आला तर पुढची गोळी झाडू नका. उघडा, रिकामं करा, नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का पाहा. .३८ आणि .४५५ च्या सावकाश गोळ्या अर्ध्यावर अडकण्याचा धोका नेहमीच्या काडतुसांपेक्षा जास्त.

पुंगळ्या बाहेर काढताना नळी थोडी वर आणि हत्यार किंचित कुशीवर करून ठामपणे उघडा, म्हणजे पुंगळ्या चांदणीखाली न जाता खाली पडतात. हळूहळू उघडलं की हमखास एखादी अडकते.

नंतरची निगा

घरी आल्यावर सफाई त्याच दिवशी. जुन्या क्षारवाल्या काडतुसांचा संशय असेल तर आधी उकळतं पाणी नळीतून ओता, मग पूर्ण कोरडं करून तेल. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. वेब्लीचा सिलिंडर काढायला डाव्या बाजूला एक मोठी खाचेची चकती असते, नाण्याने फिरते. स्क्रू-ड्रायव्हर घसरून तिचे काठ चिंबवलेले नग मी मोजू शकणार नाही, इतके पाहिलेत.

चामडी म्यानात ठेवू नका, कितीही देखणं असलं तरी. चामडं दमट हवेतलं पाणी धरून ठेवतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात एका महिन्यात सिलिंडरवर म्यानाच्या शिवणीचा गंजका ठसा उमटतो. तेलाचा पातळ हात, मेणकापड, सिलिका जेलच्या पुड्या, कुलूपबंद तिजोरी. काडतुसं वेगळ्या कुलपात.

निवडणुका आल्या की पोलीस हत्यार जमा करायला सांगतात. पोच घ्या आणि परत मिळाल्यावर ठाण्यातच उघडून पाहा, नळीत तेल आहे की ओलसर राहिलंय. तिथल्या कपाटात महिना-दोन महिने पडलेलं हत्यार घरी आणून दसऱ्यापर्यंत न उघडणारे पुष्कळ.

आणि ठेवायचंच नसेल, भावंडांत कोणाला नको असेल, किंवा प्रतिबंधित बोअरचा परवाना मिळण्याची आशा नसेल, तर विक्रेत्याकडे जमा असतानाच परवानाधारक खरेदीदार शोधायचा किंवा ठाण्यात कायमचं सुपूर्द करायचं. दोन्ही वेळा हत्याराचा क्रमांक पोचपावतीवर आकड्याने आणि अक्षराने लिहून घ्या, आणि परवान्यावरची नोंद रद्द झाल्याचा कागद जपून ठेवा.